एका मीटरला पाच हजार टोपल्या

दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ मिळतो मुलांना आणि करावा लागतो घरच्यांना. यंदा माझ्या सहावीतल्या मुलीच्या वहीत लिहून आलं होतं : 'एखाद्या ऐतिहासिक बागेला भेट द्या व माहिती लिहा.' लाखांदुरात बसून ऐतिहासिक बाग कुठून आणायची? आमच्या तालुक्यात चुलबंद आहे, वैनगंगा आहे, नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या आहेत. बाग म्हणावी अशी आठवली ती नागपूरची महाराजबाग. मूळची भोसल्यांची, 1894 पासून तिथे प्राणिसंग्रहालय आहे, आणि बाग आता कृषी महाविद्यालयाकडे. पण नागपूर लांब. शिवाय भाऊबीजेला नवेगावबांधला ताईकडे जायचं ठरलेलं होतं.

"मंग तिथंच जाऊ, अन् तंबूत राहू," धाकटा म्हणाला. तंबू त्याच्याच हट्टापायी घेतलेला. चार माणसांचा म्हणून घेतला होता, पण ती चार माणसं कुठल्या देशाची, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

लाखांदूरहून अर्जुनी मोरगावमार्गे नवेगावबांध. 1 मे 1999 पर्यंत हा सगळा मुलूख एकच भंडारा जिल्हा होता. मग गोंदिया वेगळा झाला आणि ताईचं सासर आमच्या जिल्ह्याबाहेर गेलं. माणसं तीच, बोली तीच, शेतंही तीच. दिवाळीनंतरचे दिवस, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कुठे धान उभा, कुठे कापून कडपा पडलेल्या. दर दोन-तीन किलोमीटरवर झाडांची एक हिरवी भिंत दिसायची, आणि तिच्या मागे पाणी. तलाव, बोडी, परत तलाव. 1911 साली निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात भंडारा जिल्ह्याच्या नोंदीत आकडा दिलेला आहे : 3648 तळी आणि तलाव. कुणीतरी खरंच मोजले असतील का, असं मुलीने विचारलं. शेतसारा वसूल करणारं सरकार तलाव मोजतंच, असं मी सांगितलं.

ताईच्या अंगणात पोचल्याबरोबर पोरीने गृहपाठाचं रडगाणं आबाजींपुढे गायलं. आबाजी म्हणजे ताईचे सासरे. जातीने कोहळी, वय ऐंशीच्या पुढे, कान तेवढे थोडे मंद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बगिचाच पाह्याचा हाय ना बाई? मंग तलावावर चाल. त्याच्यापेक्षा जुना बगिचा तुले कोन दाखवनार जी?"

तलाव म्हणजे बाग कशी, हे तिला पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. तलावाकडे आम्ही पाण्याचा साठा म्हणून पाहतो, आणि बाग म्हटली की फुलांचे वाफे, कारंजं, 'गवतावर चालू नये'ची पाटी. पण दोन दिवसांत जे पाहिलं आणि घरी आल्यावर जे वाचलं, त्याने माझी ही समजूत बरीच हलवली.

आधी एक साधी गोष्ट. लाखांदूर विषुववृत्तापासून जवळपास पावणेएकवीस अंश उत्तरेला आहे. म्हणजे कर्कवृत्ताच्या आत, भर उष्ण कटिबंधात. इथे वर्षातून दोनदा, 24 मेच्या आसपास आणि जुलैच्या विशीच्या आसपास, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीतच विरून जाते. जुलैतला दिवस ढगात हरवतो, मेमधला मात्र हमखास दिसतो. अशा सूर्याखाली झाड वाढतं झपाट्याने, आणि वाळतंही तितक्याच झपाट्याने. पाऊस येतो तो जून ते सप्टेंबर, चार महिन्यांत सगळा. तेरा-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, यात विरोधाभास काहीच नाही. म्हणून या पट्ट्यात बाग लावायची म्हणजे रोप लावून सुरुवात होत नाही. आधी चार महिन्यांचं पाणी बारा महिन्यांवर पसरावं लागतं.

हे काम कोहळ्यांनी केलं. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणवलं, अशी या समाजात सांगितली जाणारी कथा आहे. ऊस लावणारी ही माणसं, आणि ऊस पाण्याशिवाय होत नाही. त्यांनी जमिनीचा उतार ओळखला, दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरली आणि तिथे मातीची पाळ घातली. आमच्याकडे तिला पार म्हणतात. ना चुना, ना सिमेंट. त्यातल्या कितीतरी पारी आज दोन-तीनशे वर्षांनंतरही पाणी धरून आहेत.

ताईच्या शेताला लागूनच असा एक जुना, मध्यम आकाराचा तलाव आहे. संध्याकाळी आम्ही पारीवर गेलो. वर बैलगाडी जाईल एवढी वाट, दोन्ही बाजूंना आंबे, बाभळी, एक वाकलेला करंज. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला बरंच खाली शेतं. उभं राहिलं की दोन्हींच्या पातळीतला फरक पायांना जाणवतो. धाकट्याने विचारायचं ते विचारलंच. एवढं मोठं पाणी एवढ्याशा मातीला ढकलत कसं नाही?

इथे निसर्गाचा एक नियम आहे, जो ऐकल्यावर पहिल्यांदा खोटाच वाटतो. पाळीवर येणारा रेटा तलाव किती पसरलाय यावर अवलंबून नसतोच. तो अवलंबून असतो फक्त खोलीवर. पारीमागे पाणी शंभर पावलं पसरलेलं असो की पाच मैल, पारीला काडीचाही फरक कळत नाही. पाच मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाच टन दाब, दहा मीटरवर दहा टन. बस, एवढाच हिशेब. मात्र खोली दुप्पट केली की पारीवरचा एकूण रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण दाबही वाढतो आणि ज्यावर तो पडतो ती भिंतही वाढते. पाच मीटर पाण्यासाठी पारीच्या दर मीटर लांबीवर साडेबारा टन. दहा मीटरसाठी पन्नास.

मातीचं बांधकाम करणाऱ्या माणसाला यातून एकच शहाणपणाचा रस्ता उरतो. पाणी खोल साठवू नको, पसरट साठव. पसरट तलावातून उन्हाळ्यात वाफ जास्त जाते, ते नुकसान पत्कर. पण पार बुटकी ठेव. भंडाऱ्याचे तलाव पाहिले की हेच दिसतं : पसरट, उथळ, आणि दोन टेकड्यांच्या मध्ये नेमकी जिथे कमीत कमी पाळ लागेल तिथेच अडवलेले. सूत्र त्यांनी कधी लिहिलं नाही. पण फुटलेल्या पारी त्यांनी पाहिल्या असणार, आणि फुटलेली पार पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

आता मातीचा हिशेब. समजा पार पाच मीटर उंच आहे, पायथ्याशी वीस मीटर रुंद आणि माथ्यावर तीन. मग तिच्या एका मीटर लांबीत साडेसत्तावन घनमीटर माती बसते, वजनाने शंभर टनांच्या पुढे. साडेबारा टनांच्या रेट्यापुढे शंभर टन असे पाय रोवून बसलेले असतात, म्हणून पार हलत नाही. आणि एका टोपलीत वीस किलो माती धरली, तर एका मीटरला पाच हजारांवर टोपल्या लागतात. एका मीटरला! मी पारीवरून पावलं टाकत मोठ्याने मोजायला लागलो. पाच हजार, दहा हजार, पंधरा हजार. वीसेक पावलांनी मुलं गप्प झाली. प्रत्येक टोपली कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली होती, आणि त्यातली निम्मी डोकी बायांची असणार.

पाणी ढकलून पार क्वचितच पाडतं. ते तिला पोखरून पाडतं. मातीतून पाणी थोडं थोडं झिरपतंच, ते कुणालाच थांबवता येत नाही. चिकणमाती त्याला फक्त इतकं रखडवते की पलीकडे पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. असे कण ओलवून, बैलांच्या नि माणसांच्या पायांखाली तुडवून बसवले की त्यांच्यामधल्या फटी जवळजवळ मिटतात. पण खेकड्याने किंवा घुशीने एक बीळ पाडलं, आणि त्यातून गढूळ पाणी यायला लागलं, की समजावं पार आतून वाहून चालली. "नितळ पानी आलं तं झोपा, गढूळ आलं तं गाव उठवा," आबाजी म्हणाले. जगभरचे धरणांचे इंजिनिअर आजही गळतीचं पाणी बाटलीत धरून आधी हेच पाहतात, की ते नितळ आहे की गढूळ.

मग त्यांनी तुडुम दाखवलं. तलावातून शेताला पाणी सोडण्याची ही जुनी सोय. पारीच्या आतल्या बाजूला, पाण्यात उभं असलेलं दगडी बांधकाम, त्याला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. पाणी हवं तेव्हा पाण्याच्या पातळीच्या लगेच खालचं बूच काढायचं. पातळी उतरली की त्याच्या खालचं. सरळ तळाचंच एक भोक ठेवलं असतं तर? हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं होतं, आणि उत्तर त्या दाबाच्या नियमातच होतं. वीतभराहून कमी, पंधरा सेंटिमीटर व्यासाचं बूच घ्या. ते अर्धा मीटर पाण्याखाली असेल तर त्यावर नऊ किलोंचा भार, म्हणजे पोरगंही उचकून काढेल. तेच पाच मीटर खाली असेल तर अठ्ठ्याऐंशी किलो. पाण्यात बुडी मारून, श्वास रोखून, अठ्ठ्याऐंशी किलो कोण उचलणार? म्हणून भोकांची शिडी. पंप नाही, चक्र नाही, लोखंडाचा तुकडा नाही, आणि तरी एक म्हातारा माणूस अख्ख्या तलावाचं पाणी हाताने सोडू शकतो.

पाऊस जास्त झाला तर? त्यासाठी एका कडेला, पारीपासून दूर, कडक मुरमाच्या जागी जादा पाणी जायला वाट ठेवलेली असते. तिला सलंग म्हणतात. मातीच्या पारीवरून पाणी एकदा वाहिलं की पार संपली. म्हणून तलावाची खरी मर्यादा पारीचा माथा ठरवत नाही, सलंग ठरवते.

परत येताना रस्त्याकडेच्या पाटीवर धाकट्याने वाचलं, 'मामा तलाव'. "बाबा, दादाचे मामा तं तुम्हीच ना? हा तलाव तुमचा हाय का?" ताईचा मुलगा मला मामा म्हणतो, त्यावरून त्याचं हे गणित. हसून हसून पोट दुखलं. मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांच्या, ताब्यातले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आले. तोवर गाळ काढणं, पार दुरुस्त करणं, पाणी वाटणं हे गाव आणि मालगुजार मिळून करायचे. त्यात पिळवणूक नव्हती असं म्हणणारा इतिहास खोटा आहे. पण मालक बदलल्यावर गाळ कुणी काढायचा हा प्रश्न अधांतरी राहिला, हेही तितकंच खरं. आबाजींचा या विषयावर राग आहे आणि तो त्यांनी जेवणापर्यंत चालवला.

जेवण पारीखालच्या शेतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायला जाण्याची आपली जुनी रीत आहे, आवळीभोजनाची. मी मुलांना सांगितलं, कॅम्पिंग हे आपलंच, नाव तेवढं नवीन. त्यांनी ऐकलं नाही. ती तंबूच्या दांड्या जोडण्यात गुंतली होती, आणि एक दांडी आमच्या अंगणातच राहिल्याचं तेव्हा कळलं. भाऊजींनी बांबूचा तुकडा तासून दिला. तंबू उभा राहिला, थोडा एका बाजूला कलून.

भाऊबीजेची चंद्रकोर लवकर मावळली. पूर्वेला कृत्तिकांचा घोस वर आला. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ येतो तो महिना कार्तिक. हे आपण पाठ करतो, पण गावातल्या दिव्यांपासून दूर, पाठीवर पडून ते पाहिलं की पंचांग हे आकाशाचं वेळापत्रक आहे याची खात्री पटते. कुठल्या तरी गावच्या मंडईचा भोंगा वाऱ्यावर येत-जात होता. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात आणि वडशाच्या नाटकमंडळ्यांचा हंगामही. रात्रभर नाटक पाहून सकाळी धान कापायला जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पहाटे जाग आली ती कपाळावर थेंब पडल्याने. बायको म्हणाली, तंबू गळतो. पाऊस तर नव्हताच. चार माणसं बंद तंबूत आठ तास श्वास सोडतात, त्यातून तांब्याभर पाणी सहज बाहेर पडतं. बाहेर थंड झालेल्या कापडाला ते आतून लागतं आणि थेंब होऊन परत आपल्याच अंगावर. आम्ही स्वतःच्याच श्वासाने भिजलो होतो.

उजाडता उजाडता आबाजी मुलीला घेऊन तलावाच्या उथळ टोकाला गेले. मी मागून. तिथे कमळं होती. लक्ष्मीपूजनासाठी ढिवरांनी, म्हणजे तलावात मासेमारी करणाऱ्यांनी, बरीच काढून नेलेली, तरी पाच-सात उरलेली. पानांवर दवाचे थेंब पाऱ्यासारखे पळत होते. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे गीतेच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे. का ठरत नाही, हे मात्र नीट कळायला विसावं शतक उजाडलं. जर्मनीत विल्हेल्म बार्टलॉट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हजारो झाडांची पानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की काही पानं तपासणीआधी धुवावीच लागत नाहीत, ती मुळात स्वच्छच असतात. त्यात पहिला नंबर कमळाचा. गुळगुळीत दिसणारं हे पान खरं तर कमालीचं खडबडीत आहे. त्यावर अतिसूक्ष्म टेंगळं, आणि प्रत्येक टेंगळावर मेणाच्या बारीक नळ्यांचं रान. थेंब या टोकांवर फकिराने खिळ्यांच्या खाटेवर निजावं तसा निजतो. त्याच्या खाली बहुतेक हवाच असते. म्हणून तो गोल राहतो, घरंगळतो आणि जाताना धूळ उचलून नेतो. चिखलात जन्मून स्वच्छ राहणं हा कमळाचा सद्गुण नाही, ते त्याच्या कातडीचं बांधकाम आहे. त्याच्यावरून आता घरांच्या बाहेरचे रंगही करतात.

पण त्याहून मोठं नवल फुलात होतं. मी बाहीचा काठ भिजवत एका अर्धवट मिटलेल्या फुलापर्यंत पोचलो आणि बोट आत घातलं, मधल्या पिवळ्या कर्णिकेवर. उबदार वाटलं. खरंच होतं की वाटावं म्हणून वाटलं, शपथेवर सांगता यायचं नाही, कारण हात थंड पाण्यातून आलेला होता. पण 1996 मध्ये रॉजर सेमूर आणि शुल्ट्झे-मोटेल या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराच्या जुन्या वनस्पती उद्यानात थर्मामीटर लावून हेच मोजलं आहे. बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी कमळाचं फूल आपली कर्णिका 30 ते 36 अंशांच्या दरम्यान ठेवतं, दोन ते चार दिवस, रात्रंदिवस. हवा थंड झाली की जास्त उष्णता, गरम झाली की कमी. माणसाचं शरीर करतं तेच. एक फूल साधारण एक वॅटपर्यंत उष्णता काढतं, साठवलेलं पिठूळ अन्न जाळून. कशासाठी? बहुधा भुंग्यांसाठी. थंड रात्री किडे गारठतात, त्यांना उडायला आधी अंग तापवावं लागतं. फूल त्यांना उबदार खोली देतं, पाकळ्या मिटून रात्रभर ठेवून घेतं आणि सकाळी परागांनी माखून सोडतं. कमळात अडकलेल्या भुंग्यावर आपल्या कवींनी शतकानुशतकं विरहाचे श्लोक रचले. तो बिचारा तिथे मजेत शेकत बसलेला होता.

"म्हंजे तलाव रात्री चूल पेटवते?" मुलगी म्हणाली. मी म्हटलं, हे लिही वहीत.

दिवसा नवेगावचा मोठा तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला. इंग्रजी आमदानीत त्याचं क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल नोंदवलेला आहे. भोवती सात टेकड्या, त्यांना सातबहिणी म्हणतात. त्यांनी बांध घालायला मदत केली अशी श्रद्धा. भूगोलाच्या भाषेत तेच सांगायचं तर, जिथे टेकड्या होत्या तिथे पार बांधावी लागली नाही. दोन्ही सांगण्यांत मला तरी भांडण दिसत नाही. कोलू पाटलाचा कोलासुर देव झाला, त्याचं ठाणं तलावाच्या काठच्या टेकडीजवळ आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाचा देव झालेला मी तरी इथेच पाहिला. पाण्याच्या मध्ये मालडोंगरी नावाचं बेट. 1975 मध्ये हा सगळा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहून हा तलाव उभ्या महाराष्ट्राच्या घरात नेला. हिवाळा जरा मुरला की हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. आम्ही गेलो तेव्हा ते आलेले नव्हते.

तिथे तलावाकाठी पर्यटकांसाठी केलेली एक छानशी बागही आहे. झोपाळे, वाफे, हिरवळ. मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि वहीत काही लिहिलं. मी तारखा लावून पाहिल्या. बंगळुरूच्या लालबागेची सुरुवात हैदरअलीने 1760 मध्ये केली. मॉरिशसचं पांप्लेमूस उद्यान पिएर प्वाव्रने 1770 च्या सुमारास उभारलं. कोलकात्याचं वनस्पती उद्यान 1787 चं. कोलू पाटलाचा तलाव या सगळ्यांच्या आधीचा.

'पण तो बाग कुठे आहे?' हा प्रश्न तरीही उरतोच. राजाने लावली ती बाग आणि पाटलाने अडवलं ते पाणी, असा भेद आपल्या मनात इतका मुरलेला आहे. माझ्यापुरता तो सुटला तो ढिवरांच्या कामाने. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर या भागातल्या ढिवर बायांनी गेल्या काही वर्षांत तलावांत जे केलं, त्याला बागकामाशिवाय दुसरा शब्द नाही. जुन्या तलावांत बेशरम माजली होती. ही मूळची अमेरिकेकडची, गुलाबी फुलांची, जनावरही तोंड लावत नाही अशी वनस्पती. तळ तिच्या मुळांनी भरला, आणि देशी पाणवनस्पती गेल्या तसे मासेही गेले, कारण अंडी घालायला आडोसाच उरला नाही. या बायांनी उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळातली बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला, आणि पावसाळ्यात चांगल्या तलावांतून पाणवनस्पतींची रोपं आणून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, धानासारखी रोवली. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रोवणी हातात होतीच. मासे परत आले, मागोमाग पक्षी आले. आपण काठावरून जंगली म्हणून ज्याचं कौतुक करतो, ते कुणीतरी वाकून लावलेलं असतं.

निघताना आबाजींनी मुलीच्या हातावर कमळगट्ट्याचे चार दाणे ठेवले. काळे, गोटीसारखे टणक. कमळाचं बी किती टिकतं? चीनच्या लिआओनिंग प्रांतात एका आटलेल्या तळ्याच्या गाळातून मिळालेल्या बियांवर जेन शेन-मिलर यांनी काम केलं आणि 1995 मध्ये प्रसिद्ध केलं. रुजलेल्या बियांतली एक जवळपास तेराशे वर्षांची निघाली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही सहाशे वर्षं आधीची. टरफल इतकं घट्ट की हवा-पाणी आत शिरत नाही, आणि आतल्या अंकुरात बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करणारं रसायन तेराशे वर्षांनंतरही काम करत होतं. ज्या तलावांतून बेशरमीने कमळ घालवलं, त्यांच्या गाळातही अशी बी पडलेली असू शकते, नांगराची वाट पाहत.

घरी आल्यावर मुलीने दोन दाणे ओसरीच्या फरशीवर घासले, आतला पांढरा गर जरासा दिसेपर्यंत, आणि काचेच्या बरणीत कोमट पाण्यात टाकले. दोन तसेच न घासता दुसऱ्या बरणीत. पाचव्या दिवशी घासलेल्यांतून हिरवी आकडी बाहेर आली. न घासलेले आज महिना झाला तरी तसेच तळाशी पडून आहेत. कमळगट्टा कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो. भाजलेला नको, कच्चा मागा. एकच टोक घासा, जिथे खळगा आहे ते. उलटं टोक घासलंत तर अंकुराला इजा होऊ शकते.